टेफलॉन टेप सोडून थ्रेड सीलंटवर आलो : काही महिन्यांच्या वापरानंतर

निमित्त झालं सोलेनॉइड व्हॉल्व्हचं, म्हणजे विजेवर हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेचं. व्हीएमसी या मिलिंग मशीनवरचं न्युमॅटिक फिक्स्चर, म्हणजे हवेच्या दाबावर जॉब धरणारी पकड, क्लॅम्प व्हायचं, पण सुटायचं नाही. व्हॉल्व्ह उघडला तर स्पूलला (आतल्या सरकत्या दांड्याला) टेफलॉन टेपची बारीक पांढरी चिंधी चिकटलेली. सर्व्हिसवाल्याने मोबाइलवर फोटो काढला, रिपोर्टवर ‘बाहेरून आलेला कचरा’ लिहिलं आणि वॉरंटी गेली उडत. नवा व्हॉल्व्ह, व्हिजिट चार्ज, वर जीएसटी. त्या बिलाच्या रागात संध्याकाळीच टेपऐवजी आट्यांना लावायच्या पिवळ्या अनएरोबिक सीलंटची 50 मिलीची बाटली घेतली. टेपचं रीळ वीस-पंचवीस रुपयांत येतं आणि ही बाटली हजाराच्या वर, म्हणजे हिच्याकडून अपेक्षा किती असतील बघा.

बाटली हातात घेतली तर अर्धी रिकामी! दुकानदार म्हणाला, कंपनीतूनच अशी येते. दुसरी उघडायला लावली, तीही तशीच. हजार रुपये मोजून हवा विकत घ्यायची? हवा तर माझा कॉम्प्रेसर दिवसभर फुकट सोडतोच आहे. पुढे कारण कळलं. हवेतला ऑक्सिजन लागतो तोवरच हे द्रव राहतं; आट्यांमध्ये, धातूला लागून, हवा तुटली की घट्ट होतं. बाटली गच्च भरली तर आतल्या आतच थिजेल. बाटलीचं मऊ प्लॅस्टिकही त्यासाठीच, त्यातून थोडी हवा आत झिरपत राहते. पटलं. तरीही छापील 50 मिलीसाठी एवढी मोठी बाटली हातात घेताना दर वेळी जीव चुटपुटतो, तो चुटपुटतोच. आणि एक सांगून ठेवतो : नोझल चोंदलं म्हणून आमच्या हेल्परने त्यात लोखंडी तार खुपसली. लोखंड आत गेलं आणि उरलेल्या मालाची खळ झाली. नोझल फडक्याने पुसा, आत काही घालू नका, आट्यांवरून ओघळलेलं परत बाटलीत तर मुळीच घेऊ नका.

आता कामाचं. कॉम्प्रेसरपासून निघणारी अर्ध्या इंची जीआय लाइन, त्यावरचे एल्बो, टी, हेक्स निपल (दोन्ही टोकांना आटे असलेले छोटे जोड), सगळे सुटे करून तारेच्या ब्रशने जुनी टेप खरवडली आणि पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या आट्यांना गोल सीलंट लावलं. टेपवाल्या एल्बोचं तोंड चुकलं आणि तो जरा मागे फिरवला की लीक ठरलेलं; इथे घट्ट व्हायच्या आत तोंड हवं तसं वळवून घेता येतं. एवढ्या एका सोयीवर माझा अर्धा राग गेला. कॉम्प्रेसरच्या थरथरीने दर काही आठवड्यांनी सुस्कारे टाकणारा निपल तेव्हापासून गप्प आहे.

पहिल्या महिन्यात मी हे पाचपैकी पाच म्हणून सांगत सुटलो होतो. मग तो एक सांधा आला. शॉपमध्ये एक जुनं अमेरिकन मशीन आहे, त्याच्या अर्ध्या इंची इनलेटला आपला बीएसपी (ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) निपल लावलेला. सीलंट लावलं, दुसऱ्या दिवशी हवा सोडली, छान. काही दिवसांनी परत फुसफुस. साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं तर आट्यांच्या कडेने बारीक फेस, एकाच बाजूने गोलाकार सरकत येणारा. फिटरने आणखी एक पीळ दिला, तरी फेस तसाच. पोर्ट एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाच्या आट्यांचा, होता. अर्ध्या इंचाला बीएसपी आणि एनपीटी दोन्हीचे आटे इंचाला 14, म्हणून निपल मुकाट्याने आत जातो. पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60, त्यामुळे आट्यांच्या तळाशी वळणावळणाने पोकळी राहते. पाव इंचाला 19 विरुद्ध 18 असल्यामुळे दोन-तीन आट्यांत अडकतो आणि तिथेच कळतं. ही चूक सीलंट बुजवत नाही, फक्त काही दिवस लपवतं. टेपनेही ते व्हायचं नव्हतं. योग्य अडॅप्टर लावला, विषय संपला.

तसंच व्हॉल्व्हवर ‘जी’ खूण असेल तर आटे समांतर असतात, निमुळते नसतात, आणि सील वॉशरवर होतो. तिथे डाउटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) घाला, बाटली कपाटात ठेवा. एफआरएलच्या (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरच्या) पारदर्शक वाटीजवळ तर हे नेऊच नका. तिच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला लागलं तर वाटी तडकू शकते, आणि आत दाब असतो.

तोटा आणखी एक, आणि तो खरा तोटा आहे : स्टेनलेस किंवा निकेल केलेल्या फिटिंगवर हे फार हळू धरतं. ‘अॅक्टिव्हेटर घ्या’ म्हणतात, म्हणजे आणखी एक बाटली. नको. तिथे मी ती लाइन रात्रभर बंद ठेवतो.

हवा वाचली का? जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला. आधी एक मिनिट चालू, दोन मिनिटं बंद, असा खेळ चालायचा. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा कोणी न वापरता जात होती. आता एकदा एक मिनिट चालला की सात मिनिटं शांत असतो. पण याचं सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. फेस घेऊन फिरलो तेव्हा पीयू (पॉलियुरेथेन) पाइपचे तिरके कापलेले शेंडे पुश फिटिंगमधून आणि क्विक कपलरचे झिजलेले ओ-रिंग आट्यांइतकेच गळत होते. सात बारला तीन मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला दहा लिटरच्या आसपास हवा जाते, आणि ते भोक आट्यांतच असेल असा काही नियम नाही. पाइप कापायचा कटर घ्या, तो बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

गुण : पाचपैकी साडेतीन. कायमच्या जीआय लाइनला हेच. रोज उघडावं लागणाऱ्या सांध्याला नाही, कारण घट्ट झालेला निपल काढायला पाइप पान्हा, लांब नळी आणि दोन माणसं लागतात, शिवाय नंतर आट्यांतली पिवळी खपली खरवडत बसायचं. अशा ठिकाणी अजूनही टेपच वापरतो, पुढचे दोन आटे मोकळे सोडून, आट्यांच्या दिशेने. दुसरी बाटली घेतली आहे. हीपण अर्धी रिकामीच आली.