दादरमधील चार रविवारांचा अभ्यासवर्ग: सुखाचे अर्थशास्त्र

रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवर दादरच्या एका संस्थेने घेतलेला अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. सुखावरच्या व्याख्यानांना अध्यात्माचे वळण लागायला वेळ लागत नाही. येथे ते लागले नाही, आणि १२०० रुपये शुल्क सार्थकी लागले ते मुख्यतः त्यामुळेच.

पहिले सत्र सर्वांत सरस होते. अभियांत्रिकी शिकलेले ईस्टरलिन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्राकडे वळले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांच्याबरोबर त्यांनी लोकसंख्येवर काम केले, आणि पुढे १९७४ साली त्याच उत्पन्नाच्या वाढीने माणसे सुखी होतात का, असा प्रश्न विचारला. हा प्रवास शिक्षकांनी जराही घाई न करता उलगडला. एका देशात, एका वेळी पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा सुखी आढळतात. मात्र देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत राहिले तरी सरासरी सुख त्याबरोबर वाढत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. यामागे तुलना असते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नकोच. पुनर्विकासात समोरच्या सोसायटीला पन्नास चौरस फूट जास्त मिळाल्याचे कळले, की आपले नवे घर त्याच संध्याकाळी लहान वाटू लागते.

दुसऱ्या रविवारी ० ते १० पायऱ्यांच्या शिडीवर आपले आयुष्य कोठे आहे, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे होते. मेगाब्लॉकमुळे उशिरा, घामाघूम होऊन पोहोचलेल्या आम्हा मध्य रेल्वेवाल्यांनी यावर हरकत घेतली. तोच धागा पकडून शिक्षकांनी एकूण आयुष्याविषयीचे मत आणि त्या दिवसाची मनःस्थिती यांत डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये दाखवलेला फरक समजावला.

उणीव एकच, पण मोठी आहे. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी २००८ मध्ये अधिक देशांची आकडेवारी घेऊन ईस्टरलिन यांचा निष्कर्षच नाकारला होता. त्या वादाला शेवटच्या सत्रातली जेमतेम वीस मिनिटे मिळाली. टिपणांतील आलेखही झेरॉक्समध्ये इतके पुसट झाले होते, की कोणती रेषा उत्पन्नाची आणि कोणती सुखाची, हे शेजाऱ्याला विचारावे लागले. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी पहिल्या दोन रांगांत बसावे. ध्वनिक्षेपक मागपर्यंत पोहोचत नाही.