मिक्स दाण्याचे केळीचे क्रेट : दहा महिने वापरल्यावर

गेल्या एप्रिलमध्ये रावेरच्या शेतासाठी जळगावहून 60 क्रेट आणले. दाणा म्हणजे क्रेट ओतायचं कच्चं प्लास्टिक; मिक्स म्हणजे वेगवेगळी प्लास्टिकं मिसळलेला. नव्या दाण्याचा क्रेट 260 ला, मिक्स दाण्याचा 200 ला. नगामागे 60 रुपये वाचतात म्हणून मिक्स घेतले. आजवर 17 फुटले, आणि सगळे एकाच जागी : मुठीखालच्या कोपऱ्यात.

मला धास्ती होती उन्हाची. आमच्याकडचा मे म्हणजे 45 अंश. तेव्हा एकही तडकला नाही. फुटले ते जानेवारीत, पहाटेच्या कापणीला, ट्रॉलीतून खाली टाकताना. दुकानदार म्हणतो, तुम्ही आपटता. अहो, मेमध्येही तसेच टाकत होतो! तीनदा सांगितलं. एकही बदलून दिला नाही.

भाची एमएस्सीला आहे. तिने तुटक्या कोपऱ्याची पातळ चकती कापून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, मलाही बघायला लावलं. साच्याला लागून झटकन थिजलेली साल बारीक कणांची. आत, जिथे माल सावकाश निवला, तिथे गोल स्फटिकपुंज आणि प्रत्येकावर काळी फुली. इतकं देखणं काही या क्रेटमध्ये असेल असं वाटलं नव्हतं.

"मामा, हे पॉलिप्रॉपिलीन, साधारण 165 अंशांना वितळतं. यात एचडीपीई हे दुसरं प्लास्टिकही आहे, ते 130 च्या आसपास. एकत्र वितळवले तरी एकजीव होत नाहीत."

शेवभाजीच्या रश्श्यात तेलाचे थेंब वेगळे राहतात, तसंच. भेग त्या थेंबांच्या कडेकडेने गेली होती. थेंब निखळले तिथे गुळगुळीत खड्डे. त्यात साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास काचेसारखं ताठर होतं, म्हणून पहाटेच्या 8-10 अंशांत त्याची मार सोसायची ताकद मेपेक्षा बरीच कमी.

'मिक्स माल घेऊच नका' असं लिहायला बसलो होतो. ते मागे घेतो. मोटारीचा बंपरही मिश्रणाचाच असतो : पॉलिप्रॉपिलीनमध्ये मुद्दाम घातलेले रबराचे बारीक कण. ते थंडीतही मऊ राहतात, भेगेला पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे काय मिसळलं आणि दोघांना धरून ठेवणारा जोडपदार्थ घातला का, हे विचारायला हवं. मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

वाचवले 3600, फुटले 3400 चे. वर मार लागून काळ्या पडलेल्या फण्या वेगळ्याच. पुढचे क्रेट नव्या दाण्याचे घेणार. उरलेले 43 सध्या ऊन वर आल्यावरच ट्रॉलीतून काढतो, तेही हातात धरून. त्यानंतर एकही फुटलेला नाही.