लाव्यांसाठी बांधावर काय राखावं: पवन्या, मारवेल, तरवड की बोर?

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागात बांधालगतची पडीक पट्टी लावा पक्ष्यांसाठी राखायची असेल, तर झाडाचा शेंडा नको, बूड बघा. लावा पायी चरतो, संकट अगदी अंगावर आलं तरच भुर्रकन उडतो आणि अंडीही गवताच्या नाहीतर झुडपाच्या बुडाशी जमिनीवरच घालतो.

गवतात माझं मत पवन्याला. तो ठोंबाठोंबांनी वाढतो, मधे माती उघडी राहते. लाव्यांना तिथून पळता येतं, गळलेलं बी टिपता येतं. मारवेल जनावरांना उत्तम आणि ठोंब लावले की लवकर धरतो, पण भारी जमिनीत इतका दाट होतो की पिलांना वाट सापडत नाही. दूधदुभतं असलेल्यांनी थोडा मारवेल जरूर लावावा. मुरमाड माळाला मात्र पवन्याच. कुसळी हे गवत आपोआप येतं, आडोसाही देतं. फक्त त्याची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, म्हणून मेंढरांच्या वाटेवर ते वाढू देऊ नका.

झुडपांत खरी निवड तरवड आणि झुडपी बोरीत आहे. तरवडाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण नसलेल्या जागी तोच टिकतो. पण त्याला काटा नाही. मुंगूस किंवा मांजर सहज आत शिरतं. बोरीची काटेरी जाळी याहून कितीतरी सुरक्षित. तिचा पाला शेळ्या ओरबाडतात, तेव्हा रोपं लहान असेपर्यंत कुंपण हवंच. कुंपण जमत असेल तर बोर, नसेल तर तरवड. पाऊस बरा असलेल्या डोंगरउतारावर करवंदाची जाळी या दोघांपेक्षा सरस, कारण भर उन्हाळ्यातही ती हिरवी असते.

तरीही झुडपांची गर्दी नको. झुडपांत थव्याने राहणारे लावे वेगळे. पावसाळ्यात साद घालणारे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे लावे मोकळं गवत पसंत करतात. मधे गवत, कडेला थोडी झुडपं, एवढं पुरे. घाणेरी आणि वेडी बाभूळ दोन्ही परदेशातून आलेल्या; त्या गवताची जागा बळकावतात, म्हणून लहान असतानाच उपटा.

पिलं वाढतात ती किड्यांवर. मुंग्या आणि वाळवी त्यांना हवी असते, म्हणून या पट्टीवर कीटकनाशक मारू नका. कापणीच्या वेळी एक कड उभी ठेवा आणि उन्हाळ्यात बांध पेटवू नका.