आठ महिने वापरल्यावर: ब्लॉगचं ऑटो-शेअर आणि भरकटलेली वेलांटी

ब्लॉगवर लेख टाकला की फेसबुक पेज, एक्स, लिंक्डइन असं सगळीकडे आपोआप पोचवणारी ही सशुल्क सेवा. तक्रार अजून चालू आहे, म्हणून नाव घेत नाही. पहिल्या महिन्यात मी हिला चार तारे दिले होते. आता दोन, आणि तेही वर्षाचे पैसे एकदम भरून बसलोय म्हणून.

निमित्त मागच्या आठवड्यातलं. सलग तीन लेख लिंक्डइनवर गेलेच नाहीत. तिथे पोस्ट टाकायला सेवेला दिलेली परवानगी साधारण 60 दिवसांनी संपते, ती पुन्हा द्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण सेवेच्या पानावर तिन्ही लेखांपुढे हिरवी खूण! गेलं नाही तर नाही म्हणा ना. फेसबुकने 1 ऑगस्ट 2018 पासून वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरून आपोआप पोस्ट टाकणं बंद केलं, एक्सने 2023 मध्ये फुकटच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना पोस्ट टाकू देणाऱ्या सोयीला, कात्री लावली. हे दरवाजे या सेवेच्या हातात नाहीत, मान्य. खोटी हिरवी खूण मात्र तिचीच.

पण माझं खरं भांडण वेलांटीशी आहे.

लेखाच्या शीर्षकावरून ही सेवा 1200 × 630 पिक्सेलचं कार्ड बनवते, म्हणजे लिंकसोबत दिसणारं, शीर्षक लिहिलेलं चित्र. 'कविता' लिहिलं की कार्डावर वेलांटी 'व'ला सोडून 'ता'च्या डोक्यावर जाऊन बसते. जोडाक्षरांचे तर पाय मोडलेले. मदतकक्षाचं उत्तर: "आमच्याकडे नीट दिसतंय." सोबत इंग्रजी शीर्षकाचा नमुना. मी चार मेल लिहून समजावलं, की फॉन्टचा दोष नाही. संगणकात आधी 'व' साठवला जातो, मग वेलांटी; चित्र काढताना ती उचलून अक्षराच्या आधी मांडावी लागते आणि तुमचा चित्र बनवणारा प्रोग्रॅम ते करत नाही. पाचव्या मेलला आभाराचं स्वयंचलित उत्तर आलं.

कार्ड बंद करून टाक, असं कुणीही म्हणेल. मीही तेच केलं होतं. पण ऑक्टोबर 2023 मध्ये एक्सने लिंकखालचं शीर्षकच काढून टाकलं होतं, फक्त चित्र आणि साइटचं नाव. पुढे शीर्षक परत आलं, तेही चित्राच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. म्हणजे चित्रावर काही लिहिलेलं नसेल तर लेख कशावर आहे हे कुणाला कळायचं? कार्ड पुन्हा चालू केलं.

आणि इथे माझं मत बदललं, सेवेबद्दल कमी, माझ्याबद्दल जास्त. जुने लेख चाळताना लक्षात आलं, की तीन-चार महिन्यांत माझ्या एकाही शीर्षकात ऱ्हस्व वेलांटी नाही. 'लिहिताना काय विसरलो' होतं, त्याचं मी 'लेखनात काय राहून गेलं' केलं होतं. कवितेवरच्या लेखाचं नाव 'काव्य' ठेवायला गेलो तर 'व्य' मोडला, मग 'चार ओळी'. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. कार्डावर दोनच ओळी मावतात म्हणून शीर्षकं आखूड झाली, आणि शीर्षक आखूड म्हणून विषयही तसेच निवडायला लागलो. कुठल्या अल्गोरिदमने हे सांगितलं नव्हतं. चित्रातल्या एका चुकीला मी संपादक नेमून टाकलं होतं.

एक गोष्ट चांगली, ती लिहिलीच पाहिजे: वेळ लावून लेख पाठवण्याची सोय आठ महिन्यांत एकदाही चुकली नाही. मध्यरात्री लिहितो, सकाळी जातं. आकडेवारीचं पानही स्वच्छ आहे. त्यावरूनच कळलं की लेख शेवटपर्यंत वाचणारे बहुतेक जण आरएसएस (ब्लॉगचे नवे लेख वाचकाच्या अ‍ॅपमध्ये आपोआप पोचवणारी फीड) आणि ईमेलवरून येतात. 1 जुलै 2013 ला अशा फीड वाचायचं गूगल रीडर बंद झालं तेव्हा आरएसएसचं तेरावं घालून मोकळा झालो होतो मी. कार्ड बघून येणारे येतात खरे, पण दुसऱ्या परिच्छेदाआधीच निघून जातात.

चार महिने अजून उरलेत. आपोआप नूतनीकरण बंद केलंय. पैसे भरलेत तर वापरणार, लेख पाठवण्याचं काम तिच्याकडेच ठेवणार. कार्ड मात्र आता मीच बनवतो, दहा मिनिटं जातात. परवाच्या लेखाचं शीर्षक 'चित्रविचित्र लिपिदोष' ठेवलं, मुद्दाम. मदतकक्षाला त्याची दोन्ही कार्डं पाठवलीत, त्यांचं आणि माझं. आभाराचं उत्तर आलंय.