एमसीपी2515 चा कॅन बोर्ड: पडल्यावर उठतो, पण तसं त्याला सांगावं लागतं

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये आम्ही ई-रिक्षाच्या बॅटऱ्या चार्ज-डिस्चार्ज करून तपासतो. बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) दर सेकंदाला कॅनवरून (गाडीतली उपकरणं जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरून) विचारणा करायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसणारा, एमसीपी2515 ही कॅन चिप असलेला हा बोर्ड मी आठ महिन्यांपूर्वी घेतला.

पहिला दिवस वाया गेला. सोबतच्या कागदावर क्रिस्टल (चिपला ठेका देणारा भाग) 16 मेगाहर्ट्झ, बोर्डावरच्या चकचकीत डबीवर मात्र कोरलेलं 12.000. कागदावर विसंबलात तर बसचा वेग सेकंदाला 500 किलोबिट मागून 375 मिळतो आणि बीएमएस गप्प. आधी डबी वाचा.

खरी परीक्षा एका शनिवारी रात्री झाली. कनेक्टरमधला तारेचा एक सुटा स्ट्रँड कॅन-हाय आणि कॅन-लो या बसच्या दोन्ही तारांना क्षणभर टेकला. पाठवलेला बिट तसाच परत वाचता आला नाही की चिप चुकांच्या मोजणीत 8 मिळवते. 32 प्रयत्न फसले की मोजणी 255 च्या पुढे जाते आणि चिप स्वतःला बसवरून बाजूला काढते. हे बस-ऑफ काही मिलिसेकंदांत होतं. शॉर्ट लगेच सुटला, पण सोमवारी सकाळी येऊन पाहते तर कर्नल लॉगमध्ये बस-ऑफची एक ओळ आणि पुढे काहीच नाही. रविवारची सगळी नोंद गेली.

कारण लिनक्समध्ये ‘रीस्टार्ट-एमएस’ (बस-ऑफनंतर किती मिलिसेकंदांनी आपोआप उठायचं तो आकडा) मुळात 0 असतो, म्हणजे आपण उठवल्याशिवाय ड्रायव्हर उठत नाही. बिघडलेल्या एखाद्या उपकरणाने गाडीतली बस अडवू नये म्हणून ते योग्यच आहे. रात्रभर चालणाऱ्या बेंचला ते परवडत नाही. मी इंटरफेस डाउन करून (चालू असताना हा आकडा बदलता येत नाही) 100 भरला आणि स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही तारा मुद्दाम जोडल्या. स्क्रू-ड्रायव्हर धरून ठेवला तोवर बीएमएस गप्प. काढला आणि पुढच्याच विचारणेला बीएमएसचं उत्तर आलं. वीस वेळा केलं, वीसही वेळा उठला. 11 शांत बिट 128 वेळा दिसले की चिपला परत येता येतं. 500 किलोबिटला ते जेमतेम 3 मिलिसेकंद.

रिसीव्ह बफर दोनच आहेत, त्यामुळे गजबजलेल्या बसवर फ्रेम (कॅनवरचे संदेश) सुटतात. तिथे एमसीपी2518एफडी घ्या: त्याचा ड्रायव्हर कर्नल 5.10 पासून आहे आणि एसपीआयवरून (पाय आणि चिपमधल्या जोडणीवरून) वाचलेलं सीआरसी या तपास-आकड्याने पडताळून, चुकलं तर पुन्हा वाचतो. आमच्या बसवर एकटा बीएमएस बोलतो. दुसऱ्या बेंचला मी हाच एमसीपी2515 चा बोर्ड मागवलाय.