नेतृत्व शिबिर: प्रशिक्षक मागून चालतात, म्हणून आवडलं

नववीची वर्गशिक्षिका म्हणून मी या निवासी शिबिरात मुलांबरोबर गेले होते. शिक्षकांनी फक्त बघायचं, मुलांना सूचना द्यायच्या नाहीत, ही अट आयोजकांनी आधीच लेखी घातली होती. तेव्हा ती मला खटकली. आता हे शिबिर इतर शाळांना सुचवताना मी सगळ्यात आधी तीच सांगते.

गेल्या गेल्या त्यांनी मैत्रीचे कंपू मोडले. एका बाकावरची मुलं एका तंबूत नाहीत, शिवाय गटात दुसऱ्या शाळांची मुलं. पद्धत जुनीच आहे. १९०७ मध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हाही वेगवेगळ्या थरांतल्या मुलांचे छोटे गट करून त्यांच्यातलाच एक नायक नेमला होता. इथे नायक रोज बदलतो, त्यामुळे वर्गात ज्यांचा हात कधी वर होत नाही त्यांचीही पाळी येतेच.

नकाशा आणि होकायंत्राच्या दिवशी नायकाची पाळी एका अबोल मुलीवर आली. गटातल्या दोघा दांडग्या मुलांनी तिचं न ऐकता सरळ जवळची वाट धरायला लावली. नकाशावर तिथे समोच्च रेषा अगदी चिकटून होत्या, म्हणजे खडा चढ. प्रशिक्षक दादांना ते दिसत होतं, तरी ते शेवटच्या मुलामागून गप्प चालत राहिले. चढाखाली सगळे अडले, एकमेकांवर खेकसले, एक जण तर सॅक टाकून खालीच बसला. ती म्हणाली, "आधी सगळे पाणी प्या. मग बोलू." त्याच्या सॅकमधलं तंबूचं कापड आणि दोर तिने दोघांत वाटून दिले, त्याला रांगेत सगळ्यात पुढे घातलं आणि सांगितलं, "तू चालशील त्याच वेगाने आम्ही येणार." मग माघारी फिरून, लांबच्या वाटेने मुक्काम गाठला. दादा मधे पडले असते तर गट बराच आधी पोचला असता, आणि वर्षभर माझ्यासमोर बसलेली ही मुलगी मला कळलीच नसती.

मात्र जिवाशी गाठ असते तिथे हेच प्रशिक्षक तसूभरही सूट देत नाहीत. कृत्रिम भिंतीवर चढण्याआधी चढणारा आणि खाली दोर धरणारा यांनी एकमेकांच्या हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचं) बक्कल, गाठ आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक हात लावून तपासायचं, दर वेळी, मोठ्याने बोलून. सकाळी ज्याच्याशी कडाकडा भांडलो त्याचाच दोर दुपारी आपल्या हातात असतो, याचा परिणाम मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

१९६५ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी गट जुळण्याचे टप्पे मांडले, त्यात ओळखीपाठोपाठ संघर्षाचा टप्पा येतो. इथल्या ताई-दादांना ते पक्कं ठाऊक असावं, कारण भांडणं मिटवायची घाई कोणीच केली नाही. रोज रात्री सगळे गोल करून बसत, त्या गोलात ती उघडी केली जात. आज काय झालं, तेव्हा काय वाटलं, उद्या काय वेगळं करणार, एवढेच प्रश्न. चढाखाली बसलेला तो मुलगा त्या अबोल मुलीला म्हणाला, "तू माझी सॅक हलकी केलीस तेव्हा मला लाज वाटली. पण नंतर कोणी चिडवलं नाही, म्हणून चालू शकलो." वर्गात असं बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही.

म्हणूनच एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. शेवटच्या रात्रीचा गोल पाहुण्यांच्या भाषणासाठी आणि प्रमाणपत्रं वाटण्यासाठी रद्द केला. मुलांच्या मनात सगळ्यात जास्त साठलेलं होतं ती नेमकी तीच रात्र. शिवाय परतल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल शाळेला काहीही मिळत नाही. मी माझ्यापुरता वर्गाचा मॉनिटर आता दर आठवड्याला बदलते, पण हे आयोजकांनीच सुचवायला हवं होतं.

जेवण साधं, तंबू कोरडे, फोन पहिल्याच दिवशी जमा; तक्रार नाही.

नाव नोंदवण्याआधी कुठल्याही शिबिराला तीन गोष्टी जरूर विचारा: एका प्रशिक्षकामागे मुलं किती, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकोणाकडे आहे, आणि रात्रीचा गोल वेळापत्रकात आहे का. शेवटच्या प्रश्नाला "वेळ उरला तर घेऊ" असं उत्तर आलं, तर दुसरं शिबिर बघा.