दार ‘धप्प’ वाजलं म्हणून घेतलेली सियाझ

गणपतीच्या आधीचे दोन महिने कोकणात जुन्या सेडानचा बाजार गरम असतो. चाकरमान्यांना सामानासकट घरच्यांना गावी न्यायला मोठ्या डिकीची गाडी हवी असते, तर गावातल्यांना हॅचबॅकवरून एक पायरी वर जायचं असतं. याच घाईत गुहागर तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या गळ्यात मारुतीची २०१९ची पेट्रोल सियाझ मारली गेली. किंमत बाजारभावापेक्षा चाळीसेक हजारांनीच कमी होती. फार स्वस्त ठेवली असती तर शंका आली असती, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पावसाळा सरायच्या आत आधी पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला, मग एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा), मग डावीकडच्या काचा वर जाईनात. गॅरेजमध्ये मॅटिंग उचललं तर खालच्या फेल्टमध्ये तांबूस गाळ वाळून बसलेला. गाडी पुरात बुडालेली होती.

विकणाऱ्याचं नाव देण्यात अर्थ नाही, ही पद्धत त्या एकट्याची नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण आणि महाडमध्ये जे पाणी भरलं त्यात दारात, शोरूममध्ये, गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. पण लिलावात घेणारा प्रत्येक जण ती तोडत नाही. कोणी धुतो, वाळवतो, नवे सीट कव्हर चढवतो आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा रस्त्यावर आणतो. त्या पुरातल्या गाड्या अजून फिरताहेत. शिवाय दर पावसाळ्यात कुठे ना कुठे खाडीचं पाणी वर येतंच.

सौदा कसा जमवला, ते आधी. गिऱ्हाइकाला हवी होती होंडा सिटी किंवा फोक्सवॅगन व्हेंटो, कारण सियाझचा ‘पत्रा पातळ’ असं त्याने ऐकलेलं. डीलरने या वर्गातल्या पाच गाड्यांची तुलना तोंडपाठ म्हणून दाखवली, त्यातलं बरंचसं खरंही होतं. व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड अंगाने जड, पत्र्याला झिंकचा थर, हायवेला जमिनीला चिकटून चालतात. पण दोन्ही बंद झालेल्या, पार्ट महाग, आणि सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की लाखाच्या पुढे बिल. सिटीचं इंजिन गोड, मागे बसायला ऐसपैस, पण पोट खाली. ह्युंदाई व्हर्नात फिचर भरपूर, म्हणजे बिघडायला सेन्सरही भरपूर. सियाझ हलकी, मायलेजला चांगली, पार्ट तालुक्याच्या गावातही मिळणारे. इथवर ठीक. मग त्याने सियाझचं दार उघडून सोडलं. ‘धप्प’ असा दबका, भारी आवाज. “बघा, हिचा पत्रा वेगळा आहे, टॉप मॉडेल.”

टॉप मॉडेलला वेगळा पत्रा नसतो. दाराचा आवाज ठरतो तो दाराच्या कडेचं रबर, कुलपाची पकड आणि आतून चिकटवलेली, आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट यांवर. अपघातात माणूस वाचतो तो पिलर (छत पेलणारे खांब), साइड सिल (दाराखालची कड) आणि पुढच्या चॅनलच्या स्टीलमुळे, आणि ते दार आपटून कळत नाही. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांना २०२३मध्ये गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे मिळाले. त्याच वर्षी व्हर्नालाही पाच मिळाले, पण तिचा सांगाडा मात्र त्या चाचणीत अस्थिर ठरला. जुन्या, चौथ्या पिढीच्या सिटीला २०२२मध्ये चार. ही माहिती बोनेटवर बोट दाबून मिळत नाही. बोट दाबल्यावर पत्रा दबतो का, या कसोटीला आमच्या लेखी शून्य किंमत आहे. बाहेरचा पत्रा हा गाडीचा सदरा, हाडं आत असतात.

या गाडीच्या चारही दारांत ब्यूटाइल रबराची, वरून चांदीसारखी फॉइल असलेली बाजारातली शीट मारलेली होती. आवाज भारी झाला तो तिच्यामुळे. दुसरा घोटाळा तिथेच झाला. दाराच्या तळाच्या कडेला पाणी निचरायला लांबट भोकं असतात, कारण काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरणारच, ते तसंच योजलेलं असतं. घाईत मारलेल्या शीटने आणि खालून फवारलेल्या काळ्या रबर कोटिंगने ती भोकं बुजली होती. दार हलवलं की आत पाण्याचा ‘खळ्ळ’ आवाज यायचा. कोकणच्या पावसात असं दार दोनेक वर्षांत आतून सडतं. बाहेर कडेला रंगाचे फोड दिसतात तेव्हा आतली घडी आधीच गेलेली असते. शीटसाठी दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरणही फाडलं होतं आणि पुन्हा नीट चिकटवलं नव्हतं, म्हणून पाणी दाराच्या पॅनेलमागून मॅटिंगवर उतरत होतं. गिऱ्हाइकाला ओल जाणवली तेव्हा डीलरने “एसीचा पाइप तुंबला असेल” म्हणून वाटेला लावलं. व्हर्नासारख्या सनरूफवाल्या गाडीत हेच “सनरूफमधून आलं” असं सांगतात. सनरूफची नळी पालापाचोळ्याने खरंच तुंबते, पण तेव्हा बहुधा आधी छताच्या कापडावर आणि पुढच्या पिलरवर डाग पडतात. छत कोरडं आणि जमीन ओली असेल तर पाणी सनरूफमधूनच आलंय असं लगेच मानू नका.

बुडालेली गाडी ओळखायला वास घेऊ नका. वास घालवणं सगळ्यात सोपं काम आहे, आणि उग्र परफ्यूमच मारलेला असेल तर तोच पुरावा समजा. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. शेवटची वीतभर पट्टी रोज बाहेर येत नाही, तिच्यावर गाळाची रेघ राहते. पट्टीच्या बुडाशी शिवलेल्या लेबलवर तारीख असते. या सियाझचे पुढचे दोन्ही बेल्ट गाडीपेक्षा तीन वर्षांनी धाकटे निघाले. २०१९च्या गाडीला २०२२चे बेल्ट का लागले, एवढा एक प्रश्न तिथल्या तिथे विचारला असता तर सौदा फिसकटला असता. मग सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रेलचे बोल्ट बघा. वरवरचा गंज खाऱ्या हवेत कुठल्याही गाडीला असतो, पण बोल्टच्या आटेत आणि सीटखालच्या स्प्रिंगांवर खवले सुटलेले असतील तर तिथे पाणी उभं होतं. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालच्या खळग्याचे सांधे तपासा. हेडलाइटच्या आत आडवी पुसट रेघ आहे का बघा. शेवटी डॅशबोर्डखाली आडवं पडून टॉर्च मारा: मॅटिंग धुता येतं, पण वर वायरिंगच्या टेपच्या वेढ्यात आणि वायरी जोडणाऱ्या कपलरच्या खाचांत अडकलेला बारीक गाळ कोणी काढत बसत नाही. कपलर सोडवला आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं, की समजून जा.

बिघाड लगेच न येता बऱ्याच उशिराने येतो, आणि या धंद्याचा सगळा जीव त्या उशिरातच आहे. पाणी वाळतं, पण क्षार पिनांवर राहतात. हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू तांबं खातात, रोध वाढतो, सेन्सरचं वाचन भलतंच येतं. त्यात एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे-मागे, जमिनीवरच बसवलेला असतो, म्हणजे घोटाभर पाण्यातही तोच पहिला बुडतो. १.५ लिटरच्या हायब्रिड सियाझमध्ये तर लिथियमची दुसरी बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली आहे.

एअरबॅगचा दिवा कसा फसवतात ते सांगायलाच हवं. बॉक्स मेला की मीटरवर दिवा सतत पेटून राहतो. तो दिवाच काढून टाकला तर किल्ली फिरवल्यावर मुळीच पेटणार नाही आणि जाणता माणूस ओळखेल. म्हणून त्याची वायर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. किल्ली ऑन केली की सगळे दिवे लागतात, इंजिन सुरू झालं की सगळे विझतात, गिऱ्हाईक खूश. यावर उपाय असा: किल्ली ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका, आणि थांबा. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपला आपण विझला पाहिजे, ऑइल आणि बॅटरीचे पेटलेले राहिले पाहिजेत. तो त्यांच्याबरोबरच विझत असेल तर एअरबॅग नाहीत असं धरून चाला. गाडीतल्या कंट्रोल बॉक्सांशी बोलणारा स्कॅनर लावला आणि एअरबॅगच्या बॉक्सने उत्तरच दिलं नाही तर खात्रीच. सिटी घेत असाल, त्यातही २०१२च्या आसपासची किंवा त्याआधीची, तर ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलचं (गाडी परत बोलावून भाग बदलून देण्याचं) काम झालंय का, हे चासी नंबर देऊन कंपनीकडून तपासून घ्या. ते फुकट होतं.

रंगाच्या थराची जाडी मोजणारं मीटर दोन-अडीच हजारांत मिळतं, किंवा गॅरेजवाल्याकडे असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. एखाद्या पॅनेलवर २५०-३०० दिसलं तर पुन्हा रंगवलंय, आणि ओरखडे गेल्यामुळेही रंगवतात, त्यात पाप नाही. पाचशे-हजार दिसलं तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे साधं मीटर चालत नाही. लक्ष छतावर आणि पिलरवर द्या, तिथे रंगकाम करायला किरकोळ कारण नसतं. व्हेंटो-रॅपिडचा झिंकचा थरही डेंटरने ग्राइंडर फिरवला तिथे संपतो. मालवण, दापोली, गुहागरकडच्या हवेत ती जागा मग सियाझच्या पत्र्याइतकीच किंवा आणखी लवकर गंजते. म्हणून खालून मारलेलं ताजं काळं कोटिंग दिसलं की खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. निरोगी पत्रा टणक वाजतो, सडलेला मऊ. आपल्याकडच्या जांभ्याच्या पाणंदीतून १६५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची (पोटाची जमिनीपासूनची उंची) सिटी रोज गेलेली असेल तर सायलेन्सर आणि पुढचा सबफ्रेम घासलेला असणारच. स्लाव्हिया-व्हर्टस १७९च्या आहेत, हा फरक चाकाखालच्या दगडाला कळतो.

कागदांकडे येऊ. डीलर म्हणाला, गाडी कोल्हापूरच्या डॉक्टरांची, घाटावरची, खारं वारं माहीतच नाही. नंबर मात्र एमएच ०८. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तरी नंबर बदलत नाही, म्हणजे ती पहिल्यांदा रत्नागिरी आरटीओत नोंदली गेली हे तरी नक्की. आरसीवर मालकाचा क्रमांक तिसरा होता. आरटीओतून तपशील काढल्यावर मालकीची पहिली बदली २०२१च्या दिवाळीनंतरची, म्हणजे त्या पुरानंतरची निघाली. विम्याची जुनी पॉलिसी सगळ्यात जास्त बोलते. गाडीचं पासिंग मार्चचं आणि विमा डिसेंबरमध्ये सुरू होत असेल तर मधे खंड कशाने पडला ते विचारा. मालक तोच असताना नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २५ टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला तर बहुधा आधीच्या वर्षी क्लेम झाला, नाहीतर विम्यात मोठा खंड पडला. मालक बदलल्यावर तो शून्य होणं मात्र साहजिक आहे, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही.

मीटर ४१ हजारांवर होतं. चारही टायरवर २०२२ सालचे कोड, म्हणजे पहिला सेट त्याआधीच गेला. आठवड्याचे दोन आणि सालाचे दोन, असे चार आकडे टायरच्या कडेला असतात. तीन वर्षांत टायर झिजवणारी गाडी ४१ हजारांवर कशी?

आणि पैसे. टोकन डीलरने रोख घेतलं, उरलेली रक्कम तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर घेतली, आणि करारावर ‘जशी आहे तशी’ असं लिहून सह्या मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या. डीलरचं नाव कुठेच नाही. ग्राहक आयोग दुकानदाराविरुद्धची तक्रार ऐकतो, दोन खासगी माणसांमधली नाही, आणि ही वाट मुद्दाम ठेवलेली असते. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. ते प्रमाणपत्र मागा. पैसे त्याच्याच खात्यावर, त्याच्याच पावतीवर द्या, आणि करारात “गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस झालेली नाही, मीटर बदललेलं नाही” हे वाक्य त्याच्या सहीने घ्या. टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका.

फसल्यावर गाडी लगेच उघडून दुरुस्त करायला घेऊ नका. आधी गाळाचे, बेल्टच्या लेबलांचे, कपलरचे तारखेसकट फोटो काढा, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या, डीलरचे मेसेज आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. गुहागरच्या त्या कुटुंबाकडे डीलरने मोबाइलवर पाठवलेला एक मेसेज उरला होता: “गाडी माझी आहे, गॅरंटी माझी.” करारात नसलेलं त्याचं नाव त्या एका ओळीत सापडलं, आणि तक्रार उभी राहिली ती त्यावरच.